चिंचेने घासलेली राणी

रत्नागिरी, रविवार

चि. चिऊस,


तुझा मेसेज सकाळी साडेसातला आला. मी चहात खारी बुडवत होतो. तिकडे लीड्सला तेव्हा रात्रीचे दोन, म्हणजे तू झोपलेली असायला हवी होतीस. पण लिलाव डॅलसचा, तिथे संध्याकाळचे आठ, आणि लिलाववाले काही आमच्या भाचीच्या झोपेकडे बघून वेळ ठरवत नाहीत. मेसेजात चार गोष्टी होत्या. १९१८ चं मुंबई टांकसाळीचं सॉव्हरिन शेवटच्या क्षणी तुझ्या हातून गेलं. त्याच लिलावात मारिया थेरेसाचा १७८० चा एक थेलर, प्लास्टिकच्या डबीत बंद केलेला, भलत्याच किमतीला गेला. त्याचा फोटो आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. त्याखाली प्रश्न, 'मामा, आबांच्या बिस्किटाच्या डब्यात अशीच एक जाडी बाई आहे ना?' आणि शेवटी हुकूम, 'डबा कुरियर कर.'

चौथ्या गोष्टीचं उत्तर आधी देतो. डबा कुरियर करणार नाही. कारण कायद्याचं आहे, ते पुढे सांगतो. बाकीचं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस. शिवाय यात माझी एक कबुली आहे. ती तुझ्या आईजवळ पन्नास वर्षांत माझ्या तोंडून निघालेली नाही, त्यामुळे लिहिलेलंच बरं.

परवा संध्याकाळी मिरकरवाड्याला गेलो होतो. होड्या लागल्या होत्या, मासळीचा लिलाव चालला होता. एका मोठ्या सुरमईवर एक हॉटेलवाला आणि आपल्या बाजारात बसणारी एक मावशी अशी दोघं अडली. बाकीचे कधीच मागे सरले होते. पुकारणारा आकडा चढवतोय, हॉटेलवाला मान हलवतोय, मावशी कमरेवर हात ठेवून एक बोट वर करतेय. शेवटी हॉटेलवाल्याने घेतली. पाच मिनिटांनी तेवढ्याच वजनाची, त्याच होडीतली दुसरी सुरमई पुढे आली आणि जवळपास निम्म्या भावात गेली, कारण तोवर हॉटेलवाला टेम्पोत जाऊन बसला होता. मावशीने ती टोपलीत टाकली आणि जाता जाता माझ्याकडे बघून हसली. नाण्यांचा लिलाव कसा असतो असं मला कोणी विचारलं, तर मी त्याला आधी या मावशीकडे पाठवीन.

तुझ्या पडद्यावर चालतं तेही हेच, फक्त हॉटेलवाल्याचं तोंड दिसत नाही. तू यंत्राला तुझी कमाल बोली सांगून ठेवतेस. ते तुझ्या वतीने एकेक पायरी चढतं आणि समोरचा थांबला की त्याच्या वरच्या पायरीवर थांबतं. विल्यम व्हिक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये असाच एक लिलाव कागदावर मांडला होता. त्यात जिंकतो सर्वांत मोठी बोली लावणारा, पण पैसे मोजतो दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके. (लिलावाचा अभ्यासक आणि आडनाव व्हिक्री! आपल्याकडे असता तर लोकांना ते टोपणनाव वाटलं असतं. १९९६ मध्ये त्याला नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांत बिचारा गेला.) आता यातली मेख बघ. अशा लिलावात शेवटचा आकडा जिंकणाऱ्याच्या खिशावरून ठरत नाही, हरणारा कुठे थांबला त्यावरून ठरतो. म्हणजे त्या सॉव्हरिनची किंमत, चिऊ, तू ठरवलीस. ज्याने ते घेतलं त्याने सकाळी उठून तुलाच शिव्या घातल्या असणार.

हसू नको. २०२१ च्या उन्हाळ्यात मी हेच करून बसलो होतो. पोर्तुगीज इंडियाचा रुपिया, लुईस राजाचं तोंड असलेला १८८२ चा. गोव्याचं नाणं, पण पाडलेलं कलकत्त्याच्या टांकसाळीत, म्हणून मला त्याची गंमत वाटायची. घरात बसून कंटाळलो होतो, पेन्शन जमा झाली होती, आणि समोर कोणीतरी हटत नव्हतं. मीही हटलो नाही. मला मिळाला तेव्हा आकडा माझ्या अंदाजाच्या दुप्पट झाला होता. दोन वर्षांनी पुण्याच्या एका प्रदर्शनात मडगावचे एक निवृत्त मास्तर भेटले. बोलता बोलता निघालं की तो न हटणारा माणूस म्हणजे हेच. आता आमची चांगली मैत्री आहे, आंब्याच्या दिवसांत मी त्यांना पेटी पाठवतो. पण आम्ही दोघांनी मिळून चढवलेला तो आकडा आजही इंटरनेटवर त्या रुपियाचा 'बाजारभाव' म्हणून दिसतो. तो बघून कोणी दुसरा आपल्या घरातल्या रुपियाची किंमत धरून बसला असेल. त्याला काय माहीत, की बाजार म्हणजे फक्त एक कॅशियर आणि एक मास्तर होते आणि दोघंही आता विकत घ्यायला उभे नाहीत.

भाव चढलेले आहेत हे मात्र खरं. मी तीस वर्षं या छंदात आहे, आणि पूर्वी युरोपातल्या लिलावात भाग घ्यायचा तर छापील कॅटलॉग पोस्टाने मागवावा लागे आणि बोली पत्राने पाठवावी लागे. पत्र वेळेत पोचलं तर नशीब. २०२० मध्ये प्रदर्शनं बंद झाली, दुकानं बंद झाली, आणि लिलावगृहांनी होता नव्हता तो माल पडद्यावर आणला. आता वॉर्सा, शांघाय, सुरत आणि लीड्स एकाच घड्याळाकडे बघत बसतात. नाणं एक आणि बघणारे हजार. त्यात दोन हट्टी सापडायला असा कितीसा वेळ लागणार?

त्यात ती डबी. तिला स्लॅब म्हणतात हे तुला माहीत आहेच. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये आपल्या देशातल्या जुन्या मोठ्या सेंटांसाठी एक ते सत्तरची पट्टी काढली. पुढे १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी अशा दोन कंपन्या निघाल्या. नाणं त्यांच्याकडे पाठवायचं, ते खरं-खोटं बघतात, त्या पट्टीवर गुण देतात आणि प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करून परत करतात. यात चांगलं काय, तर लीड्समध्ये बसून डॅलसमधलं नाणं न बघता घेता येतं. वाईट हे की लोक नाणं सोडून आकडा घ्यायला लागले. चौसष्ट आणि सहासष्ट यांतला फरक मला भिंगाखालीसुद्धा धड दिसत नाही, पण किमतीत तो कधी दुप्पट असतो, कधी पाचपट. आणि पैशाला वास लागतोच. २०२१ मध्ये पीसीजीएसची मालक कंपनी गुंतवणूकदारांच्या एका गटाने सुमारे ८५ कोटी डॉलरना घेतली. त्याच वर्षी एनजीसीच्या मालक कंपनीत ब्लॅकस्टोन या बड्या गुंतवणूक कंपनीने मोठा हिस्सा घेतला. ब्लॅकस्टोनला नाण्यांचं काही पडलेलं नाही, त्यांना डब्या भरण्याच्या मजुरीत रस आहे. लग्नसराईत सोनाराआधी मंडपवाला कमावतो, तसंच हे.

आणखी एक कारण आहे, ते मला मनापासून पटतं. ज्या देशात पैसा येतो त्या देशाची माणसं आपली नाणी जगभरातून परत घ्यायला लागतात. १९२८ मध्ये चीनच्या क्वेइचौ प्रांताने नाण्यावर चक्क मोटारगाडी काढली होती, त्या गाडीसाठी आज चिनी संग्राहक एकमेकांच्या उरावर बसतात. पोलंडच्या तिसऱ्या झिग्मुंट राजाचं १६२१ चं शंभर डुकाटांचं सोन्याचं नाणं २०१८ मध्ये न्यूयॉर्कला एकवीस लाख डॉलरच्या वर गेलं. आपल्याकडेही तेच चाललंय. लंडनच्या लिलावात कंपनी सरकारच्या मोहरेला मुंबई-अहमदाबादहून बोली येतात. पूर्वी साहेबाचा नातू विकायचा आणि दुसऱ्या साहेबाचा नातू घ्यायचा.

आता तू एरवी म्हणतेस ते वाक्य, 'मामा, एफडीपेक्षा हे बरं.' तू इंजिनिअर आहेस, म्हणून एक हिशेबच मांडतो. जगात आजवर सर्वांत महाग विकलं गेलेलं नाणं म्हणजे अमेरिकेचं १९३३ चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, डबल ईगल. त्या साली पाडली चार लाखांवर आणि जवळजवळ सगळी वितळवून टाकली, कारण रूझवेल्टने सोन्याची नाणी चलनातून काढली. त्यातून निसटलेलं हे एक, कधीकाळी इजिप्तच्या फारुक राजाच्या संग्रहात होतं असं मानतात. २००२ मध्ये ते ७५ लाख ९० हजार डॉलरना गेलं. (घेणाऱ्याला वर आणखी वीस डॉलर अमेरिकन सरकारला द्यावे लागले, म्हणजे ते नाणं अधिकृतपणे चलनात आलं. सरकारं सगळीकडची सारखीच.) तो घेणारा चपला-बुटांचा प्रसिद्ध डिझायनर होता. त्याने २०२१ मध्ये ते विकलं, १ कोटी ८८ लाख ७० हजार डॉलरच्या आसपास. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं. आता भाग देऊन बघ. एकोणीस वर्षांत अडीचपट, म्हणजे वर्षाला पाच टक्क्यांहूनही थोडं कमी. त्याच एकोणीस वर्षांत साधं सोनं औंसाला तीनशेहून थोड्या जास्त डॉलरवरून एकोणीसशेच्या आसपास गेलं, सुमारे सहापट. त्या माणसाने २००२ मध्ये तेवढ्याच पैशाच्या विटा घेऊन तळघरात टाकल्या असत्या तर त्याला दुपटीहून जास्त मिळाले असते. अर्थात विटा दाखवायला कोणी पाहुण्यांना बोलावत नाही, हेही खरं.

आणि यात लिलावगृहाचा वाटा मी धरलेलाच नाही. हातोडा एक हजार पौंडांवर पडला, त्यावर घेणाऱ्याचं वीस टक्के कमिशन, म्हणजे तुझ्या खात्यातून बाराशे गेले. टपाल, विमा, कर वेगळे. उद्या विकायला गेलीस तर विकणाऱ्याकडूनही ते कापतात, दहा टक्के धर. म्हणजे तुझे बाराशे परत यायचे असतील तर हातोडा एक हजार तीनशे तेहतीसवर पडायला हवा. भाव एक तृतीयांशाने वाढला की तू बरोबरीत. मी जन्मभर कॅश मोजली, असा व्यवहार आमच्या बँकेने कोणाला समजावून सांगितला असता तर लोकांनी काउंटर फोडलं असतं.

तरी तुझं सॉव्हरिनचं वेड मला आवडतं. निदान त्यात सोनं आहे, आणि त्याची गोष्ट आपल्या मुंबईच्या फोर्टातली आहे. पहिल्या महायुद्धात सोनं बोटीने लंडनला न्यायचं, नाणी पाडायची आणि परत आणायची, हे धोक्याचं झालं होतं. म्हणून १९१८ मध्ये लंडनच्या रॉयल मिंटची शाखा मुंबईत निघाली. सॉव्हरिनचे ठसे येईपर्यंत तिथे पंधरा रुपयांची मोहोर पाडली. मग आली ही सॉव्हरिनं. सेंट जॉर्जच्या घोड्याखालच्या जमिनीच्या रेघेवर इंग्रजी 'आय' अक्षर, इंडियाचं. तेवढ्या एका वर्षाची, जवळजवळ तेरा लाख. म्हणजे दुर्मीळ म्हणण्याजोगं काही नाही. नाणं ७.९८ ग्रॅमचं, बावीस कॅरट, त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे सोनं दहा ग्रॅमला लाखावर गेलं तेव्हा या चिमुकल्या नाण्यातलं नुसतं सोनंच त्र्याहत्तर हजारांचं झालं. त्याच्या भाववाढीतली बहुतेक वाढ ही अशी आहे, सोनाराच्या दुकानातली. म्हणून पुढच्या वेळी आधी मोडीचा भाव काढ, त्या घोड्याखालच्या अक्षरासाठी वर किती द्यायचे ते कागदावर लिही आणि तो कागद पडद्याला चिकटव. रात्री दोन वाजता माणसाचं डोकं गणित करत नाही.

आता डब्यातल्या त्या बाईकडे वळण्याआधी एका लोणीवाल्याची गोष्ट ऐक. मला ती फार आवडते. लार्स एमिल ब्रून हा डेन्मार्कचा लोण्याचा व्यापारी. लहानपणी काकाच्या मागे राहिलेली थोडी नाणी त्याला मिळाली, तिथून छंद लागला तो मरेपर्यंत. लोणी विकून गडगंज पैसा मिळवला आणि डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनची नाणी, पदकं, नोटा मिळून वीस हजारांच्या आसपास जमवल्या. पहिलं महायुद्ध त्याने बघितलं होतं. तोफांनी शहरंच्या शहरं जाताना बघून त्याच्या मनात आलं, उद्या आपल्या देशाचा राष्ट्रीय नाणेसंग्रह असाच गेला तर? १९२३ मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रात लिहून गेला होता की माझा संग्रह शंभर वर्षं विकायचा नाही. राष्ट्रीय संग्रहाचं काही बरंवाईट झालं तर याने त्याची जागा घ्यावी, आणि शंभर वर्षं सगळं सुखरूप राहिलं तर मग विकून पैसे माझ्या वंशजांना द्यावेत. शंभर वर्षं, चिऊ! मधे दुसरं महायुद्ध झालं, जर्मन येऊन गेले, आणि हा पेटारा तसाच. २०२३ मध्ये मुदत संपली. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने आधी आपल्याला हवी ती सात नाणी निवडून घेतली. सप्टेंबर २०२४ मध्ये कोपनहेगनला पहिला लिलाव झाला. फक्त २८६ नग, आणि मिळाले जवळजवळ दीड कोटी युरो. त्यातलं हान्स राजाचं १४९६ चं एक सोन्याचं नाणं एकट्याने बारा लाख युरोंना गेलं.

हे भाव कशाचे, याचा मी बराच विचार केला. नाणी दुर्मीळ होतीच. पण शंभर वर्षं त्यांना कोणी हात लावलेला नव्हता, कोणी विकली नव्हती, कोणी बदलली नव्हती, आणि प्रत्येकामागे एका माणसाचं नाव होतं. ऑनलाइन बाजारात आज ज्याची खरी टंचाई आहे ती या दोन गोष्टींची, हात न लागलेलं अंग आणि खरा इतिहास. खऱ्या इतिहासाशिवाय काय होतं तेही बघ. जुलियस सीझरच्या खुनानंतर ब्रूटसने दोन खंजीर आणि मधे टोपी असलेलं नाणं काढलं होतं, त्याचं एक सोन्याचं नाणं २०२० मध्ये लंडनला बत्तीस लाख पौंडांहून जास्त किमतीला गेलं. नंतर निघालं की त्याच्या मालकीचे कागद बनावट होते. २०२३ मध्ये ते ग्रीसला परत गेलं. तेव्हा तू घेशील त्या प्रत्येक नाण्याचं बिल ठेव, लिलावाचं पान छापून ठेव.

आबांचा डबाही माळ्यावर पन्नास वर्षं होता. फरक इतकाच की लोणीवाल्याच्या घरात चिंच नव्हती.

आबा बोटीवर स्वयंपाकी होते, खलाशांच्या भाषेत भंडारी. एडन, मोंबासा, बसरा, हॅम्बुर्ग. प्रत्येक खेपेला येताना खिशात राहिलेली चिल्लर आणायची आणि त्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. डब्यात काय आहे ते तुला माहीतच आहे. पूर्व आफ्रिकेचे सिंहाचे शिलिंग, भोकाचे दहा सेंट, जर्मन फेनिग, मोझांबिकचे एस्कुदो. असली नाणी आज बाजारात किलोवर मिळतात, त्यांच्यावर स्वप्नं बांधू नको. त्यातलं एकच नाणं आबांनी वेगळं, धोतराच्या फाडलेल्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं होतं. ते एडनहून आणलं होतं. काळपट, जड, गोल दंडांच्या बाईचं. आम्ही तिला राणी म्हणायचो.

ती मारिया थेरेसा, ऑस्ट्रियाची. १७८० मध्ये वारली. पण तिचा थेलर तांबड्या समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर, येमेनात आणि इथिओपियात, लोकांना इतका आवडायचा की दुसरं नाणं ते घेतच नसत. कॉफीचा व्यापार त्यावर चाले. म्हणून ती गेल्यावरही तेच तोंड, तोच १७८० आकडा ठेवून थेलर पाडत राहिले. आधी ऑस्ट्रियाच पाडत होती. १९३५ मध्ये मुसोलिनीला इथिओपियावर जायचं होतं, त्याने व्हिएन्नाकडून ठसे मिळवले. मग इंग्रज, फ्रेंच, बेल्जियन सगळ्यांनी आपापले ठसे कोरून तीच राणी पाडायला सुरुवात केली. आणि १९४०-४१ मध्ये ती आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडली गेली, थोडीथोडकी नाही, जवळजवळ एक कोटी एकोणनव्वद लाख. सगळ्यांवर वर्ष १७८०. अंगावरच्या ब्रोचचे मोती आणि पाठीमागच्या गरुडाच्या शेपटीची पिसं बघून जाणकार सांगतात की कोणती कुठली. कडेवर लॅटिनमध्ये न्याय आणि दया असं लिहिलेलं असतं. वजन २८.०७ ग्रॅम, त्यात चांदी तेवीस ग्रॅमच्या थोडी वर. तू पाठवलेल्या फोटोतली राणी अगदी सुरुवातीच्या काळातली आहे, तिच्यावर शंकाही घेऊ नये इतकी नितळ. आपली मी भिंगाखाली, फोटो शेजारी ठेवून, तीन संध्याकाळी ताडून बघितली. ती मुंबईची आहे. फोर्टात पाडली, एडनला गेली आणि एका भंडाऱ्याच्या खिशातून रत्नागिरीत आली.

आता कबुली. मी सहावीत होतो. गणपतीत आळीच्या मंडळाने मुलांच्या छंदांचं प्रदर्शन ठेवलं होतं आणि आबा बोटीवर होते. मी डबा खाली काढला. ताईने, म्हणजे तुझ्या आईने, मला बजावलं होतं, हात लावू नको. नाणी मळकी दिसत होती, विशेषतः राणी. मी विहिरीवर बसून चिंच आणि राखुंडीने ती सगळी घासली. राणीला सर्वांत जास्त, अर्धा तास. अशी लखलखली की मला पहिलं बक्षीस मिळालं, एक कंपासपेटी. ती राखुंडी चांदीवर बारीक बारीक ओरखडे पाडते, दिव्याखाली तिरपं धरलं की जाळं दिसतं. असं नाणं डबीवाल्यांकडे पाठवलं तर ते त्याला गुणच देत नाहीत, 'घासलेलं' एवढा शेरा मारून परत करतात. एकशे साठ वर्षांचा आकडा खोटा सांगणाऱ्या त्या राणीच्या अंगावरची एकच गोष्ट खरी होती, एडनच्या बाजारातला तो काळेपणा, आणि तो मी धुऊन काढला.

आबा मार्चमध्ये आले. फडकं सोडून बघितलं. कोणी हात लावला असं विचारलं. ताई म्हणाली, मी नाही. मीही म्हणालो, मी नाही. मग सगळे धरून चालले की आमच्या आईने दिवाळीच्या भांड्यांबरोबर घासली असतील, आणि आई त्या वेळी चुलीशी होती, तिने ऐकलं की नाही कोण जाणे. आबा काही बोलले नाहीत. राणी पुन्हा गुंडाळून ठेवली. पुढच्या खेपेपासून त्यांनी डब्यात काही टाकलं नाही, हे मला फार नंतर लक्षात आलं.

राहिलं कुरियरचं. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आपली राणी शंभर वर्षांची नाही, पण अंगावर १७८० लिहिलंय. कस्टमच्या माणसाला मोती मोजून दाखवायला कोण जाणार? पुरातत्त्व खात्याकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला घेता येतो, पण तेवढ्या खटाटोपाइतकी तिच्यात चांदी नाही. तुझं १९१८ चं सॉव्हरिनसुद्धा इथे २०१८ पासून या कायद्यात आलं. तू तिकडे घेतलंस तर तिकडेच ठेव; इथे एकदा आणलंस की परत नेणं कठीण.

आणि बाहेर कोणाला सांगू नको की मामाकडे जुनी नाणी आहेत. आपल्या आळीत एकाला फोन आला होता, तुमच्या वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला दहा लाख देतो, आधी नोंदणीचे दोन हजार भरा. त्याने भरले. मग कर म्हणून आणखी मागितले, तेही भरले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीत आमचा काही संबंध नाही, आमच्या नावाने कोणी कमिशन मागितलं तर देऊ नका. ते नाणं २०१२ चं, आजही भाजीवाली घेते. दुसऱ्या एकाकडे कंपनी सरकारचा १८१८ चा, रामपंचायतनाचा 'आणा' आहे. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही, ते अलीकडे कुठल्यातरी गल्लीत तयार होतं. मी त्याला सांगितलं, तर आता तो मला रस्त्यात ओळख दाखवत नाही.

मे महिन्यात ये. डबा तुझ्या नावाने काढून ठेवलाय, विकायला नव्हे, बघायला. राणी काल शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवली, अठ्ठावीस ग्रॅमला थोडी कमी भरली. आणि एक काम माझ्यासाठी कर. तुझी आई पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येतेय. ती राणी आमच्या आईने घासली नव्हती, एवढं तिला तू सांग. माझ्याने अजून होत नाही.

तुझा,
मामा